रत्नमालाताईंची मिलो

रत्नमालाताई साळवे तांदूळ घेण्याआधी त्याला श्वास द्यायच्या. सिंगापूरला क्वीन्सटाउनमध्ये आमच्या ब्लॉकखाली एका म्हाताऱ्या चिनी अंकलचं किराणा दुकान होतं. तिथे तेव्हाही तांदळाची उघडी पोती असायची. ताई पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, तळातून मूठ भरून वर काढत, मूठ तोंडाशी नेऊन आत गरम वाफ सोडत आणि मग हुंगत. ओल लागलेला दाणा कोरडा असताना गप्प बसतो, वाफ मिळाली की बोलतो, असं त्यांचं म्हणणं. अंकल दर वेळी म्हणायचे, "आंटी, राइस लाह, नॉट फ्लॉवर." ताई मूठ पुन्हा पोत्यात सोडत आणि हात झटकत म्हणत, "रिजेक्ट."

हा शब्द त्यांच्या नोकरीतला. त्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होत्या. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळून घ्यायचं, भिंगाखाली चकचकीत चकत्या बघायच्या आणि कुठली पुढे जाणार, कुठली नाही ते ठरवायचं. इतर माणसं संध्याकाळी कामाचा संशय कामावर ठेवून येतात. ताई तो पर्समध्ये घालून घरी आणत. भाजीच्या जुडीची दोरी सोडून आतली पानं बघत. डब्यावरच्या तारखेचं स्टिकर नखानं खरवडून खाली दुसरं स्टिकर आहे का ते बघत. एकदा खरंच दुसरं निघालं. ते किमतीचं होतं, तारखेचं नव्हतं, पण ताईंना तेवढं पुरलं. "खाली काहीतरी असतंच," त्या मला म्हणाल्या. "लोक खरवडत नाहीत, एवढंच."

मी त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. विद्यापीठात शिकायला आले होते. घरात ताई आणि सहावीतली मुलगी सुजाता. ताईंचे यजमान औरंगाबादला कॉलेजात शिकवायचे. ते सुट्टीत येत, येताना डाळ, तिखट आणि लोणचं आणत. तेवढ्या तीन गोष्टी ताई न हुंगता फडताळात ठेवत.

ऑफिसातल्या कुणी सणाला मूनकेकची पेटी दिली, शेजारणीनं बशीभर काही पाठवलं, एखाद्या दुकानात अर्ध्या भावात काही निघालं, की ताईंचा एकच प्रश्न असे. "चांगलं होतं तर आपल्यापर्यंत कसं पोचलं?" पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि पत्रकातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उत्तर असायचं. ताईंच्या वाक्याच्या शेवटी प्रश्न असायचा, आणि त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू बशी मीच पाठवली आहे.

महिन्यातून एका रविवारी आपली माणसं कुणाच्या तरी घरी जमत. इंजिनिअर, संशोधक, नव्यानं आलेले विद्यार्थी. बुद्धवंदना व्हायची, मग जेवण, मग गावाकडच्या निवडणुका आणि इथले व्हिसे. एकदा हौगांगला संगीता खरात यांच्या घरी जमलो होतो. जेवणं झाल्यावर संगीतानं पोरांना मगातून गरम काहीतरी दिलं. सुजातानं मग ओठाला लावला आणि ताईंनी तो मधेच तिच्या हातातून काढून घेतला.

"काय झालं ताई? दूध नासलंय का?" संगीतानं विचारलं.

"डबा दाखव."

संगीतानं हिरवा डबा आणला. ताईंनी एकेक अक्षर बोटानं दाबत वाचलं. "एम, आय, एल, ओ. मिलो."

"मायलो म्हणतात इथं. चॉकलेटसारखं असतं ताई. सगळ्या पोरांना देतात."

"सगळ्या पोरांनाच देतात. आम्हालाही दिली होती."

तिथल्या तरुण मंडळींना काही कळेना. संगीताचा नवरा, खरात, त्याला कळलं. त्याच्या आईनं सांगितलं असणार. तो हसत म्हणाला, "ताई, ती बाहत्तरची मिलो म्हणजे ज्वारी होती. ही पावडर आहे. दोघींचं काही नातं नाही."

"तू ज्वारी बघितलीस का ती?"

"नाही. माझा जन्म नंतरचा."

"मग नातं नाही कशावरून?"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी मग सिंकमध्ये रिता केला, नळ सोडला, मग विसळून पालथा ठेवला. संगीताचा चेहरा उतरला. "माझ्या घरचं ओतून दिलंत ताई," ती म्हणाली. "विष कालवलं होतं का मी?"

"तू नाही कालवलंस," ताई म्हणाल्या. "तुझ्यावर माझा राग नाही."

परतताना आउटरम पार्क स्टेशनला मेट्रो बदलली आणि बसायला जागा मिळाली, तेव्हा ताईंनी सांगितलं. सिंगापूरला आल्या त्या आठवड्यात बसच्या पाठीवर त्यांनी ती अक्षरं पाहिली होती. वर एक धडधाकट पोरगा उडी मारताना. त्यांना वाटलं, इथे ती ज्वारी राजरोस विकतात आणि वर पोरांचे फोटो लावतात. नंतर कळलं हे वेगळंच काहीतरी आहे. "पण नाव तेच ठेवलंय," त्या म्हणाल्या. जगातल्या एखाद्या कंपनीला जालना जिल्ह्यातल्या दुष्काळाची खबर नसेल, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

त्या आठेक वर्षांच्या असतानाचा तो दुष्काळ. पाऊस लागोपाठ चुकला. मोठ्या घरांच्या पेवात जुनी ज्वारी होती. वस्तीला रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळाली. पीठ मळताना चिकटपणा धरायचं नाही, भाकरी थापताना कडेनं तुटायची, तव्यावर टाकली की घरभर गोदामाचा वास. तिकडे हे जनावरांना घालतात, असं लोक म्हणायचे. खरं खोटं कुणाला माहीत? पण ते म्हणणं भाकरीबरोबर रोज ताटात यायचं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? फेकली," ताई म्हणाल्या आणि काचेकडे बघू लागल्या. गाडी बोगद्यात होती. काचेत त्यांचाच चेहरा होता.

सुजाता हळूच म्हणाली, "बट मम्मी, धिस वन इज चॉकलेट."

"तू गप."

त्यानंतर ते वाईट वर्ष आलं. आधी सीमेपलीकडे मलेशियात पाऊस असा कोसळला की मळेच्या मळे पाण्याखाली गेले आणि मार्केटातली पालेभाजी महाग झाली, पिवळी पडून येऊ लागली. ऑस्ट्रेलियात पावसाचा पत्ता नाही म्हणून तिकडचा तांदूळ दिसेनासा झाला. भारतानं साधा तांदूळ बाहेर पाठवणं थांबवलं. थायलंडचा भाव चढतच गेला. अंकलच्या दुकानात बायका आल्या की पोत्याकडे आधी आणि अंकलकडे नंतर बघू लागल्या. वर्तमानपत्रं लिहीत होती की परिस्थितीमुळे असं होतंय. मला त्या शब्दाची चीड आहे. परिस्थिती कधी कुणाच्या दारात येऊन 'मी केलं' म्हणाली आहे? ज्यांनी धूर सोडला त्यांची नावं असतात. ज्यांच्या ताटातली भाजी गेली त्यांचीही असतात. मधे 'परिस्थिती' घातली की दोघांची गाठ पडत नाही.

सुजातानं शाळेतून यावर मोठं चित्र रंगवून आणलं होतं. तापलेली पृथ्वी, तिच्या तोंडात थर्मामीटर. तिनं ते फ्रिजवर लावलं. "इट्स क्लायमेट चेंज, मम्मी. एव्हरीबडी मस्ट अ‍ॅडजस्ट."

ताईंनी चित्र नीट पाहिलं. "एव्हरीबडी? तुझी ती ईस्ट कोस्टच्या कॉन्डोतली मैत्रीण काय खाते हल्ली?"

सुजाता विचारात पडली. "सेम लाह. सॅमन."

"बघ," ताई मला म्हणाल्या. "हवा सगळ्यांची बदलली. ताट आपलं बदललं."

हे वाक्य मी त्याच दिवशी पाठ केलं. पत्रकाच्या माथ्यावर छापावं असं ते वाक्य होतं. ते खरं होतं आणि अजूनही आहे. पण त्या घरात त्या वाक्याचं पुढे काय होत होतं, ते ओट्यावर दिसत होतं. पुराच्या पाण्यात कुठली गटारं मिसळली कोण जाणे, म्हणून कांगकाँग आणि चवळईसारखी भाजी बंद. समुद्र तापतोय म्हणतात, मग मासा ताजा कसा राहील, म्हणून मासा बंद. बर्ड फ्लूची बातमी आली तेव्हापासून अंडी बंद होतीच. नवा तांदूळ कुठल्या देशाचा, कुठल्या गोदामात किती पडलेला, म्हणून तोही नको. लिटल इंडियातून ताईंनी आधीच आणून ठेवलेला जुना तेवढा पुरवून पुरवून शिजवायचा. उरलं काय? भात, वरण, बटाटा, लोणचं. दुसऱ्या दिवशी बटाटा, भात, वरण.

"ताई, असं सगळंच सोडून कसं चालेल?" मी एकदा म्हटलं.

"जे कळतं ते खायचं. नाही कळत ते पोटात कशाला?" त्यांनी वरणाला उकळी दिली. "आपल्या पोटात काय काय ढकललंय लोकांनी, तुला पत्रकं वाचून कळलं असेल. मला खाऊन कळलंय."

सुजाता मान खाली घालून भात कालवत होती. तिच्या डोळ्यांखाली निळसर सावली दिसत होती, ती मला परीक्षेची वाटली. ताईंना अर्थातच ती शाळेच्या एसीमुळे वाटत होती.

एका दुपारी घरचा फोन वाजला. शाळेतून होता. सुजाता मैदानात पळताना कोसळली होती. ताई कारखान्याच्या ज्या भागात काम करत तिथे फोन नेता येत नसे. मी निरोप ठेवला आणि शाळेत गेले. पोरगी आजारखोलीत भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे. तिला पॉलिक्लिनिकमध्ये नेलं. रक्त तपासायला घेतलं, तोवर ताई पोचल्या. कामावरचा पांढरा डगला काढायचा राहून गेला होता.

डॉक्टर एक तरुण चिनी बाई होत्या, बोलायला साध्या. रक्तात लोह फार कमी आहे, म्हणाल्या. आतापासून गोळ्या सुरू करू. मग त्यांनी विचारलं, घरी काय खाते?

"घरचं," ताई म्हणाल्या. "राइस, दाल, पोटॅटो."

"पालेभाजी?"

"पुराच्या मळ्यातली येते."

"मासे?"

"समुद्र तापलाय."

"अंडी?"

सुजाता आपल्या बुटांकडे बघत म्हणाली, "मम्मी रिजेक्ट ऑल, डॉक्टर. होल कंट्री रिजेक्ट."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी सुजाताकडे वळून विचारलं, शाळेत काही खातेस का? सुजातानं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय करणार होते? "आय ड्रिंक मायलो," ती म्हणाली. "विथ मिल्क. कँटीन आंटी गिव्ह मी एक्स्ट्रा थिक. एव्हरी रिसेस."

"ओके," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "अ‍ॅट लीस्ट समथिंग."

निदान काहीतरी. बाईंच्या मनात वावगं काहीच नव्हतं. त्या पुढे गोळ्या कशाबरोबर घ्यायच्या ते सांगत राहिल्या. ताईंनी ते ऐकलं का, मला सांगता येत नाही. डगल्याचं बटण त्या लावत होत्या, काढत होत्या.

घरी आल्यावर सुजाता झोपली. ऊन अजून ओट्यावर होतं. ताई मोरीशी उभ्या राहिल्या, हात धुतले, पुसले, परत धुतले. त्या आता शाळेवर चिडणार, कँटीनवाल्या बाईला रिजेक्ट करणार, नाहीतर पोरीला चोरटी म्हणणार, असं मला वाटलं.

"फेकली नव्हती," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

"तुला गाडीत सांगितलं ना, मिलो फेकली म्हणून? नव्हती फेकली. खाल्ली. सगळी खाल्ली आम्ही. धाकटा तर पीठच चाटायचा." त्या नळाशी बोलत होत्या, माझ्याकडे पाठ होती. "संपली तेव्हा आई परत दुकानावर गेली. मी होते बरोबर. दुकानदार म्हणाला, तुमच्याच वस्तीनं नावं ठेवली होती ना? वास येतो म्हणाले होते ना? आता कशाला पाहिजे? चार माणसं उभी होती तिथं. आईनं पदर पसरला. म्हणाली, गोड आहे मालक. लई गोड आहे मिलो."



"ते तिला म्हणायला लावलं त्यांनी," ताई म्हणाल्या. "खाऊ घातलं त्याचं काही नाही. खाल्ली म्हणून तर जगले मी. पण गोड म्हणायला लावलं." नळ बंद केला. "आणि मी इकडं पोरीला काय घालत होते गं? माझा राग वाढून ठेवत होते रोज ताटात. त्यात कुठलं आलं लोह?"

मी वाचलेल्या पत्रकांत वाईट धान्य कुणाच्या वाट्याला येतं ते होतं. कुणी, कसं, कुठल्या सहीनं पाठवलं तेही होतं. त्या बाईला ते गोड म्हणावं लागलं, आणि तिच्या मुलीनं पुढे जगातलं सगळंच अन्न त्या शब्दाच्या रागानं नासलेलं धरलं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. संशय ही आमची कमाई आहे, तो मी सोडणार नाही. पण वाढत्या पोरीचं रक्त त्यावर होत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ताईंनी कांगकाँगच्या जुड्या आणल्या. मिठाच्या पाण्यात बुडवल्या, पाणी फेकलं, परत बुडवल्या. एकेक देठ उजेडात धरून बघितला. अर्धी भाजी रिजेक्ट झाली, अर्धी लसणावर परतली गेली. नंतर मासा आला. मासेवालीला त्या इतके प्रश्न विचारत की ताई दिसल्या की ती शेजारच्या गाळ्यात जाऊन उभी राही. अंडी पाण्यात सोडून तरंगतात का ते बघून उकडली जात. अंकलकडच्या नव्या तांदळाला वाफ दिली गेली आणि एकदा, फार वेळ हुंगून झाल्यावर, ताई म्हणाल्या, "बघू." अंकलनी घाईघाईनं तागडी ओढली, विचार बदलायच्या आत. गोळ्यांचं पाकीट ताईंनी खरवडून पाहिलं होतं, हे सांगायला नकोच. गोळ्या मात्र त्या स्वतःच्या हातानं, लिंबाच्या पाण्याबरोबर, रोज देत. सुजाताच्या ओठांवर रंग यायला वेळ लागला, पण आला.

मायलोचा विषय मात्र कुणी काढला नाही. सुजाता शाळेत पीत असणार. ताईंना ते माहीत होतं आणि त्या विचारत नव्हत्या. खरवडायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं हे जगातलं एकमेव स्टिकर असावं.

माझं शिक्षण संपलं आणि निघायची वेळ आली, तेव्हा शेवटच्या रविवारी आम्ही तिघी ईस्ट कोस्टला गेलो. समुद्रावर जहाजं रांगेत उभी होती. सुजाता सायकल पिटाळून घामाघूम होऊन आली आणि आम्ही हॉकर सेंटरच्या बाकावर बसलो. ताईंनी टेबल पुसलं, मग ज्या कागदानं पुसलं तो उलटून बघितला. सुजाता पेयं आणायला गेली. तिनं ट्रेवर तीन उंच ग्लास आणले. बर्फ, तपकिरी पेय आणि वर न विरघळलेल्या पावडरीचा छोटा डोंगर.

"लाइम ज्यूस फिनिश, मम्मी," ती म्हणाली. खोटं बोलत होती. गाळ्यावर लिंबांचा ढीग मला इथून दिसत होता. ताईंनाही दिसत असणार.

त्यांनी ग्लास उचलला. कडेवर तोंड नेऊन वाफ सोडली, थंड काचेवर धुकं धरलं, आणि त्यांनी हुंगलं. सुजाता स्ट्रॉ चावत बघत राहिली. ताईंनी एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला, एखादी चकती भिंगाखाली ठेवावी तसा. मग गिळला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

सुजातानं स्ट्रॉ सोडला. ताई जहाजांकडे बघत होत्या.

"फार गोड आहे. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय एवढं गोड करत नाहीत."

आणि त्यांनी दुसरा घोट घेतला. सुजातानं ग्लास परत घ्यायला हात पुढे केला, तर तो त्यांनी दिला नाही.